दारामागचा कोपरा

सल्लागार तिसरा तक्ता उलगडत होता, तेव्हा फरशीवाल्याने खुर्चीखाली हात घालून बोटाच्या पेराने फरशी वाजवून पाहिली. एकदा पायाशी, एकदा वीतभर पलीकडे. पलीकडची पोकळ वाजली.

"काही पडलं का, काका?" सल्लागाराने वाकून विचारलं.

"नाही, नाही. चालू द्या तुमचं."

शेजारच्या खुर्चीत बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिने मान वळवली नाही, पण तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित आत गेला. कुणाच्या ऑफिसात जाऊन फरशी वाजवायची नाही, असं तिने घरातून निघतानाच बजावलं होतं. त्यानेही हो म्हटलं होतं. पण हात खाली जातो त्याला तो तरी काय करणार?

कामावर त्याचं नाव फारसं कुणी घेत नसे. गवंडी, रंगारी, सुतार सगळे त्याला 'पाणसळ' म्हणत, कारण काचेच्या नळीत बुडबुडा असलेली वीतभर लांबीची पाणसळ त्याच्या खिशात सदानकदा असायची. हा माणूस जेवायला बसताना डब्याखालीसुद्धा पाणसळ ठेवून पाहतो, अशी अफवा सुताराने उठवली होती. ती अगदीच खोटी नव्हती.

पेन्शनचं टुमणं मुलीने लावलं होतं. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि तिच्या पगारातून दरमहा काहीतरी आपोआप कापलं जाऊन म्हातारपणासाठी साठत होतं. बाबांचं कोण कापणार, असा तिचा प्रश्न होता. स्वतःचा धंदा करणाऱ्याचं कुणी काही कापत नाही आणि कुणी काही साठवतही नाही. तिने फोनवरून दोन महिने पाठपुरावा केला, सल्लागाराची वेळ ठरवली आणि वर, "बाबा, तिथे जाऊन फरशीबद्दल बोलू नका," असंही सांगितलं. दोघींचं या बाबतीत एकमत होतं.

सल्लागार तिशीतला, मृदू बोलणारा, समजावून सांगायला न कंटाळणारा तरुण होता. त्याच्या म्हणण्याचं सार एवढंच, की योजना दोन तऱ्हेच्या होत्या. एक एकेरी: काकांनी काम थांबवलं की दरमहा जास्त रक्कम यायची, पण काका आहेत तोवरच. दुसरी जोडीची: दरमहा थोडं कमी यायचं, पण काकांच्या मागे काकूंनाही मिळत राहायचं. कोणती घ्यायची आणि कुठल्या वर्षापासून घ्यायची, एवढं ठरवायचं होतं. एकदा ठरलं की पुढे बदलता यायचं नाही.

फरशीवाल्याला मात्र दोन योजनांपेक्षा तो तक्ताच जास्त आवडला होता. त्यावर एक निळी रेघ वर-खाली होत डावीकडून उजवीकडे गेली होती आणि वर लिहिलं होतं, 'गेल्या वीस वर्षांची कामगिरी'.

"ही इथे खाली का गेली?" त्याने रेघेवर बोट ठेवलं.

"त्या वर्षी बाजार पडला होता."

"मग परत कुणी उचलला?"

सल्लागाराने तक्ता जवळ ओढला. "तसा कुणी एकाने नाही उचलला, काका. तो आपोआप वर आला."

"आपोआप," फरशीवाला म्हणाला आणि रेघेकडे नव्या कुतूहलाने पाहू लागला. त्याच्या धंद्यात खाली बसलेली फरशी आपोआप वर आल्याचं एकही उदाहरण नव्हतं.

मग अर्ज भरायला घेतला. व्यवसायाच्या यादीत फरशीवाला नव्हता, तेव्हा 'इतर'वर खूण झाली. 'व्यवसायात काम करणारी माणसं' या रकान्यापाशी सल्लागाराने वर पाहिलं, फरशीवाल्याने एक बोट वर केलं आणि सल्लागाराने एक लिहिलं. बायको समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

"आता महत्त्वाचं. काम किती वर्षांपर्यंत कराल? साठ? पासष्ट?"

"फरशीवाले कधी थांबतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाकीचे. तुमच्याकडे आकडे असतील ना?"

कारकुनांचे होते, शिक्षकांचे होते, वाहनचालकांचेसुद्धा होते. फरशीवाल्यांचे नव्हते. सल्लागाराने प्रामाणिकपणे तसं सांगितलं आणि फरशीवाला विचारात पडला. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात थांबलेला फरशीवाला त्यानेही पाहिला नव्हता. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते मिस्त्री एका वर्षी टाइल्सच्या दुकानात स्टुलावर बसलेले दिसले, दुसरा एकजण कुठल्याशा फाटकावर राखणदार झाला. थांबलो असं कुणीच म्हटलं नाही. एके दिवशी दिसेनासे झाले, इतकंच.

"पासष्ट लिहू?"

"पेन्सिलीने लिहा," फरशीवाला म्हणाला.

शेवटी सल्लागाराने एक कागद बायकोपुढे सरकवला. वारस म्हणून काकूंची सही लागणार होती. बायकोने पिशवी आणखी जवळ ओढली. "मी वाचल्याशिवाय सही करत नाही," ती म्हणाली. "घरी नेते. वाचते. मग बघू." सल्लागाराने या सावधपणाचं कौतुक केलं. कागद घरी आला आणि फळीवर घड्याळाखाली जाऊन बसला. आठवडा झाला तरी तिथेच होता.

त्या आठवड्यात फरशीवाल्याच्या डोक्यातून ती निळी रेघ जाईना. योजनेला वीस वर्षांची कामगिरी दाखवावी लागते, तेव्हा कुठे लोक तिच्यात पैसे घालतात. आपल्याला आजवर कुणी वीस वर्षांचं दाखव म्हटलं नाही. एक घर संपलं, अवजारं गोळा केली, पुढचं घर. मागे वळून पाहायला गेलोच नाही कधी. आणि आणखी अकरा वर्षं हे काम होईल की नाही, हे कुणाला विचारायचं झालं, तर फरशांनाच विचारायला हवं. माणूस लपवेल, फरशी लपवत नाही, असं आपलं त्याला वाटत होतं.

गुरुवारी माल यायला दुपार होणार होती. फरशी कापायच्या मशीनचं पातं बदलून आणतो असं बायकोला सांगून तो निघाला.

पहिला दवाखाना. एकोणीस वर्षांपूर्वी तिथल्या बाहेरच्या खोलीची फरशी त्याने बसवली होती. तो आत शिरला तशी खिडकीतली बाई वर न बघता म्हणाली, "नंबर घ्या." त्याने घेतला. चौदावा होता. हातात नंबर धरून तो बाकावर बसला आणि पायाखाली पाहू लागला. एकोणीस वर्षं माणसं इथे पाय घासत, चुळबुळ करत, वाट पाहत बसली होती. बाकासमोर फरशीची चकाकी गेली होती, पण ओळी सरळ होत्या. त्याने पेराने हळूच वाजवून पाहिलं. भरीव. खिशातून पाणसळ काढून ठेवली. बुडबुडा मधोमध. शेजारच्या आजीबाई जरा सरकून बसल्या.

फरशी बसवण्याचं काम त्याचं आणि फटी भरण्याचं बायकोचं, ही वाटणी इथूनच सुरू झाली होती. मुलगी शाळेत जायला लागली आणि बायको म्हणाली, घरी बसून काय करू? पहिल्या दिवशी तिने रबरी पट्टीने फटींत भरायचा माल, ग्राउट, ओढत ओढत खोली भरत आणली. शेवटी दारामागचा कोपरा राहिला. तिथे पट्टी पोहोचेना, तेव्हा तिने उघड्या अंगठ्याने तो माल कोपऱ्यात दाबला. बदामाएवढा खळगा राहिला.

"ही काय सही केलीस?" तो तेव्हा जरा चिडूनच म्हणाला होता.

"ओळींना तुमची दोरी, कोपऱ्याला माझा अंगठा," ती म्हणाली होती. त्यानंतर प्रत्येक खोलीत दारामागच्या कोपऱ्यात तो खळगा होताच. घरमालकांना कधी दिसत नसे. दारामागे कोण बघतो?

फरशीवाला उठला, दार अर्धं लावून वाकला. तिथे वजनकाटा ठेवलेला होता. तो बाजूला केला. खळगा होता. धुळीने काळा पडलेला, पण कडा तशाच. त्याचं निमुळतं टोक डावीकडे कललं होतं, जसं कोपऱ्यात उजव्या हाताचा अंगठा दाबल्यावर कलेल. त्याला एकदम बरं वाटलं, का ते सांगता आलं नसतं.

"चौदा," खिडकीतली बाई म्हणाली. "काय होतंय?"

"मला काही नाही," फरशीवाला ओशाळून म्हणाला आणि नंबर परत देऊन बाहेर पडला.

दुसरी बेकरी. बेकरीवाला त्याच्याच वयाचा, जुन्या ओळखीचा, पिठाने भुवयासुद्धा पांढऱ्या झालेला. "अकरा वर्षांनी आठवण झाली होय? काही राहिलं होतं का तुझं आतमध्ये?"

फरशीवाल्याने खरं ते सांगितलं, की आपण केव्हा थांबायचं ते ठरत नाहीये, म्हणून जुनी कामं बघत फिरतोय.

"तू थांबलास तर कळणार कसं रे?" बेकरीवाला म्हणाला. "तसाही बघावं तेव्हा जमिनीवर वाकलेलाच असतोस. लोकांना वाटेल, आहे अजून कामात." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूष होऊन त्याने आतला पडदा बाजूला केला.

भट्टीसमोर दोन फरशा तडकल्या होत्या. ट्रॉलीच्या चाकांनी एक वाट पाडली होती. पण वाटेतल्या फटी मात्र जागच्या जागी, एकही उखडलेली नाही. अकरा वर्षं रोज पाणी, पीठ, तेल, चाकं. हे तिचं काम, असं त्याच्या मनात आलं. लोक नेहमी फरशीला चांगलं म्हणतात, फटीला कोणी म्हणत नाही. पोत्यांच्या मागे दाराचा कोपरा होता. इथलं दार उलट्या बाजूला उघडत होतं, तरी खळग्याचं टोक डावीकडेच.

तिसरं घर चौदा महिन्यांपूर्वीचं. घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करणारी एक बाई तिथे एकटी राहत होती. केसांत पेन खोचून तिने दार उघडलं, तो काय म्हणतोय ते दोनदा ऐकून घेतलं आणि मग जिज्ञासेनेच त्याला आत घेतलं. फरशीला तिची काही तक्रार नव्हती. तिने स्वतःहून सांगितलं, की कधी शब्द अडला की मी खाली बघत बसते, ओळी सरळ आहेत त्याचं बरं वाटतं.

स्वयंपाकघराच्या दारामागे तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

खळगा होता. पण टोक उजवीकडे होतं.

त्याने खिशातला रुमाल काढून कोपरा पुसला. मग बोट फिरवून पाहिलं. दाबही वेगळा होता, एका दमात दिलेला नव्हता, दोनदा दिलेला दिसत होता. दुसऱ्या खोलीच्या दारामागेही तसंच.

"काही बिघडलंय का?" बाईने विचारलं.

"नाही. छान झालंय," तो म्हणाला. "वेगळं झालंय."

रस्त्याने तो स्वतःलाच कारणं सांगत चालला. जागा अडचणीची असेल. ती वेगळ्या बाजूने बसली असेल. एखाद्या दिवशी अंगठ्याला चिरलं असेल. पण दोन्ही खोल्यांत? पातं आणायचं राहिलं, हे त्याला कामावर पोहोचल्यावर आठवलं.

काम एका नव्या वाचनालयात चाललं होतं. तीन मोठ्या खोल्या एकापुढे एक. त्याच्या धंद्याचा नियम साधा होता: बसवलेल्या फरशीवर दुसऱ्या दिवसापर्यंत पाय टाकायचा नाही, ती धरल्यावरच फटी भरायच्या. त्यामुळे तो नेहमी पुढच्या खोलीत असायचा आणि बायको एक दिवस मागे, मागच्या खोलीत. मध्ये भिंत. सकाळी दोघं एकत्र यायची, डबा एकत्र उघडायची, संध्याकाळी एकत्र जायची. पण तिचे हात काम करताना आपण शेवटचे कधी पाहिले, हे आठवायला गेला तर त्याला आठवेना. फरशी पाहिली होती, फटी पाहिल्या होत्या, हात नाही.

बायको अंगणातल्या नळावर स्पंज धुवायला गेली, तेव्हा तो पहिल्या खोलीत आला आणि दारामागे उकिडवा बसला. या खोलीच्या फटी तिने मंगळवारी भरल्या होत्या. खळग्यात त्याने आपला उजवा अंगठा ठेवून पाहिला. बसेना, कोपर भिंतीला अडत होतं. डावा ठेवला. तो मोठा होता, पण दिशा बरोबर जुळली.

मग एकामागून एक गोष्टी आठवू लागल्या, ज्या त्याने इतके दिवस भलत्याच खात्यावर टाकल्या होत्या. बरण्यांची झाकणं. वर्षभरात ती प्रत्येक बरणी त्याच्यापुढे आणून ठेवायची, "तुमच्या हातात जोर आहे," म्हणायची आणि तो झाकण उघडून मोठ्या तोऱ्यात परत द्यायचा. ओले कपडे पिळायचं काम हळूहळू त्याच्याकडे आलं होतं. ग्राउटचं पोतंही आता तोच उचलायचा. परवा फोनवर मुलीने विचारलं, आई हल्ली मेसेज का टाकत नाही, नुसतं बोलून का पाठवते? आणि घड्याळाखाली ठेवलेला तो कागद, ज्यावर नुसती एक सही करायची होती.

बायको परतल्याचा आवाज आला. तो पलीकडच्या दाराने बाहेर गेला, वळसा घालून मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी आला आणि आत डोकावला. ती पाठमोरी, गुडघ्याखाली गोणपाट घेऊन बसली होती. डाव्या हाताने स्पंज फिरवत होती, सावकाश, तिरका, जसा फिरवायला हवा तसा. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, जणू दुसऱ्या कुणी सांभाळायला दिलेली वस्तू. मधूनच ती स्पंज ठेवून त्या हाताचं मनगट दाबायची, बोटं उघडायची, मिटायची, आणि परत स्पंज उचलायची.

फरशीवाला चार पावलं मागे गेला. हातातली रबरी हातोडी त्याने बाहेरच्या पायरीवर टाकली, चांगली वाजेल अशी, आणि खाकरत आत आला.

स्पंज तिच्या उजव्या हातात होता.

"पातं मिळालं?" तिने विचारलं.

"उद्या येतंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच सल्लागाराकडे गेला. सल्लागाराने ओळखीचं हसून तक्ते काढायला घेतले, पण फरशीवाल्याने तक्त्यांवर हात ठेवला.

"आधी थांबणाऱ्याचं आधी सुरू होईल, अशी काही योजना आहे का?"

"म्हणजे तुमचं साठापासून करायचं?"

"माझं नाही."

सल्लागाराला उमगायला थोडा वेळ लागला. मग त्याने मान डोलावली आणि कोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. असं करता येत होतं. काकांच्या योजनेत घालण्यासाठी जे बाजूला काढलं होतं ते सगळं काकूंच्या नावे घालायचं, पन्नाशीपासून, म्हणजे येत्या काही महिन्यांतच, त्यांना दरमहा सुरू होऊ शकत होतं. रक्कम मात्र लहान असणार होती. आणि काकांचं परत पहिल्यापासून, छोट्या छोट्या हप्त्यांनी. त्यांना पासष्टला थांबता आलं नसतं.

"मग केव्हा?"

"सदुसष्ट. कदाचित अडुसष्ट." सल्लागाराने पेन खाली ठेवलं. "काका, या कामात गुडघे तोवर..."

"गुडघे माझे आहेत," फरशीवाला म्हणाला. "दुखले की मला कळतात." मग तो म्हणाला, "आणि ते काम करणारी माणसं एक लिहिलंय ना, ते दोन करा."

"नवीन कुणी घेतलं का?"

"नवीन नाही."

सोमवारी तो बायकोला घेऊन आला. सहीचं आज एकदाचं उरकून टाकू, एवढंच त्याने सांगितलं होतं. जिना चढताना ती दोनदा म्हणाली, की घाई काय आहे. खुर्चीत बसल्यावर तिने पिशवीतून चष्मा काढला, डाव्या हाताने उघडून नाकावर ठेवला आणि समोरचा अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वाचल्याशिवाय ती खरोखरच सही करत नसे.

पहिल्याच ओळीवर ती थांबली. पुढे गेली. परत पहिल्या ओळीवर आली.

"हे चुकलंय," ती सल्लागाराला म्हणाली. "इथे यांचं नाव हवं. माझं घातलंय."

सल्लागाराने फरशीवाल्याकडे पाहिलं. फरशीवाला पायाखालच्या त्या पोकळ फरशीकडे पाहत होता.

"चुकलेलं नाही," तो म्हणाला.

"आणि हे पन्नास काय आहे? काम थांबवण्याचं वय पन्नास?"

त्याने पायाने ती पोकळ फरशी चाचपली.

"कोण थांबतंय?" तिचा आवाज वाढला नाही, उलट उतरला. "मग फटी कोण भरणार?"

"तू सांगशील तशा मी भरीन."

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्हाला नेहमी पुढच्या खोलीची घाई असते."

हे खरं होतं. टेबलावर एका पेल्यात पेनं उभी केली होती. त्याने त्यातलं एक काढलं, टोपण उघडून मागे लावलं आणि अर्जाशेजारी ठेवलं. तिच्या डाव्या बाजूला.

बायकोने पेनाकडे पाहिलं. बायकोचा उजवा हात पिशवीच्या बंदांखाली होता. तो तिने हळूच बाहेर काढला आणि टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"केव्हापासून?" फरशीवाल्याने फरशीकडे पाहतच विचारलं.

"दीड वर्ष होईल." मग तिनेच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"दारामागे बघितलं."

तिला ते लगेच समजलं. तिच्या ओठाचा कोपरा आत गेला, आणि या खेपेला तो कशासाठी गेला ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने चष्मा सारखा केला आणि अर्ज पुन्हा वाचायला घेतला, शेवटपर्यंत, बारीक अक्षरातलं सगळं. काम करणारी माणसं दोन, या ओळीवर तिचं बोट क्षणभर टेकलं. रक्कम तिने दोनदा विचारली. त्याला सदुसष्टपर्यंत काम करावं लागेल, तेही वाचलं आणि त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. सगळं संपल्यावर ती सल्लागाराला म्हणाली,

"पन्नास खोडा. एक्कावन्न लिहा."

"काकू, पन्नासला मिळतंय तर..."

"यांना शिकायला वर्ष लागेल. मी शेजारी बसून सांगेन. नुसतं सांगेन."

सल्लागाराने फरशीवाल्याकडे पाहिलं. फरशीवाल्याने मान हलवली. एक्कावन्न लिहिलं गेलं, या वेळी शाईने.

बायकोने डाव्या हाताने पेन उचललं. पहिल्या अक्षराची वेलांटी वाकडी गेली आणि कागद पेनाबरोबर सरकला, कारण दुसरा हात त्याला धरून ठेवण्याच्या कामाचा नव्हता. तिने पेन उचललं, कागद सरळ केला, पुन्हा टेकवलं. कागद पुन्हा सरकू लागला.

फरशीवाला खुर्चीतून पुढे झाला. कागदाच्या कोपऱ्यावर त्याने आपला अंगठा ठेवला, चांगला दाबून, आणि तिची सही पुरी होईपर्यंत उचलला नाही.